इकडे फरार, तिकडे बेवारस

फौजदार आमच्या घरी पहिल्यांदा आले ते एका रविवारी सकाळी, हातात कापडी पिशवी घेऊन. अंगावर वर्दी नव्हती. मला वाटलं, भाजीला निघालेत आणि वाटेत नवऱ्याशी बोलायला थांबलेत. पण पिशवीतून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला आणि आमच्या कॉटवर ठेवला. सगळे कागद कानडीत होते.

ही दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आम्ही तेव्हा उचगावात राहत होतो. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे, नवरा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवायचा. माझं माहेर निपाणीच्या पुढं, महामार्गापासून थोडं आत, म्हणजे कर्नाटकात. घरात आम्ही कानडी बोलायचो, शाळा मराठीतून झाली आणि बाजारात दोन्ही चालायचं. अव्वाशी, म्हणजे आईशी, एका भाषेत आणि बाहेर दुसऱ्या भाषेत बोलतोय, हे लहानपणी आमच्या लक्षातही यायचं नाही.

नवऱ्याच्या कारखान्यात मागे चोरी झाली होती. तिच्या चौकशीला हे फौजदार आले होते आणि नवरा बोलता बोलता बोलून गेला होता, की बायकोला कानडी लिहिता-वाचता येतं.

"बाई, आमच्याकडं कानडी वाचणारे एक हवालदार होते," फौजदार म्हणाले. "ते रिटायर झाले. तेव्हापासून हे असंच पडलंय. पलीकडच्या ठाण्यांतून पोस्टानं येतं. आम्ही आवक शिक्का मारतो आणि फाइलला लावतो."

"काय असतं ह्यात?"

"तेच तर आम्हाला कळत नाही."

हे सांगताना ते ओशाळले होते. माणूस नवीनच बदलून आला होता, मुलूख वेगळा होता, आणि हा गठ्ठा त्यांच्या आधीपासून साठत आलेला होता. नवऱ्यानं चहा ठेवला. मी एकेक कागद घेऊन वाचू लागले आणि फौजदार वहीत टिपून घेऊ लागले. चोरीला गेलेल्या मोटारसायकली होत्या, जामिनावर सुटून पळालेली माणसं होती, घर सोडून गेलेली एक म्हातारी होती. आणि मध्ये मध्ये अनोळखी प्रेतांची वर्णनं.

अशा वर्णनांची भाषा मी त्याआधी कधी वाचली नव्हती. अंदाजे वय, बांधा, रंग, दात. अंगावरचे कपडे. त्यातल्या एका कागदावर लिहिलं होतं, की कालव्याच्या फाटकाला अडकलेलं पुरुषाचं प्रेत मिळालं, वय चाळीसच्या आसपास, निळा हाफ स्वेटर, आत पांढरी बंडी, बंडीला आतून डाव्या काखेखाली चोरखिसा. खिशाचं कापड खणाचं, हिरवं, त्यावर बारीक पिवळे ठिपके, जांभळा काठ. खण हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. लिहिणारा कुणीतरी बारीक नजरेचा हवालदार असणार. पुरुषाच्या बंडीला बायकांच्या चोळीचं कापड कसं, असा प्रश्न त्याला पडला असावा, म्हणून त्यानं इतकं नीट लिहिलं होतं.

मी तिथं थांबले. फौजदारांचं पेन थांबलं.

"बाई?"

तो खण माझा होता. अव्वानं मला माहेरची भेट म्हणून दिलेला. त्याचा ब्लाऊज मी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका बाईकडून शिवून घेतला होता, आणि उरलेली पट्टी तिनं मागून घेतली होती. "बाई, ह्ये मला ऱ्हाऊ दे की, काय तर हुईल ह्येचं," असं म्हणाली होती. तिचा नवरा ट्रक ड्रायव्हर. दोन महिन्यांपूर्वी तो शिरोलीतून कास्टिंग भरून हुबळीकडं निघाला आणि ट्रकही पोचला नाही, तोही पोचला नाही. मालकानं तक्रार दिली, की ड्रायव्हरनं गाडी मालासकट विकली आणि पळाला. ठाण्याच्या दप्तरात तो फरार आरोपी होता. पोलीस दोनदा तिच्या घरी जाऊन आले होते, डबे उपडे करून पाहिले होते. गल्लीतल्या बायकांनी तिच्याकडं कपडे टाकायचं बंद केलं. मीही बंद केलं. माझा पुढचा ब्लाऊज मी कोल्हापुरात, राजारामपुरीत शिवायला टाकला, आणि येता-जाता तिच्या दारावरून खाली बघून जात होते.

मी फौजदारांना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. "मी स्वतः गेलो होतो तिच्या घरी," ते म्हणाले. "तिला म्हणालो होतो, कुठं लपवलाय सांग."

दोन दिवसांनी आम्ही जीपमधून पलीकडं निघालो. फौजदार, मी, ड्रायव्हरची बायको आणि एक महिला पोलीस. चौपदरीकरणाचं काम चालू होतं. कागलपासून पुढं सगळा रस्ता उकरलेला, जागोजागी वळणं, लाल मातीत रुतत चाललेले ट्रक. त्या वळणांवर ट्रक इतके हळू व्हायचे, की चालत्या माणसानं हात दाखवला तरी थांबता येईल. पूर्वी त्या रस्त्यानं माहेरी जाताना मला झोप लागायची. त्या दिवशी मी प्रत्येक वळणावर उभ्या असलेल्या माणसांकडं बघत होते.

ड्रायव्हरच्या बायकोला आम्ही एवढंच सांगितलं होतं, की काही कपडे ओळखायचे आहेत. तिनं विचारलं नाही काही. कोगनोळीचा सीमानाका ओलांडल्यावर एकदाच म्हणाली, "बाई, हितनं फुडं मी कवा आल्याली न्हाय."

पलीकडच्या ठाण्यातले फौजदार वयानं तरुण होते. त्यांना मराठी जेमतेम यायचं आणि आमच्या फौजदारांना कानडी अजिबात नाही. दोघांनी एकमेकांना सलाम केला, खुर्च्या दिल्या-घेतल्या आणि गप्प बसले. मग दोघंही माझ्याकडं बघू लागले. मी त्या क्षणी दुभाषी झाले. कुणी नेमलं नाही, काही कागद झाला नाही.

कपड्यांचं गाठोडं आणलं. लाल फडक्यात बांधलेलं, वर लाखेचा शिक्का. ते सोडल्यावर खोलीत कालव्याच्या चिखलाचा वास पसरला. ड्रायव्हरच्या बायकोनं स्वेटरला हात लावला नाही. तिनं सरळ बंडी उचलली, उलटी केली, चोरखिसा बाहेर काढला आणि शिवण डोळ्यांजवळ नेली.

"माझीच टीप हाय," ती म्हणाली. "माझ्या मशीनला हितं एक टाका सुटतोय. ह्यो बघा. आनि ह्यो."

मी ते कानडीत सांगितलं. तरुण फौजदार उठून उभे राहिले. त्यांनी टोपी काढली. मग मराठी शब्द जुळवत ते तिला म्हणाले, "तुमी बसा. पाणी... पाणी घ्या."

ती बसली नाही. रडलीही नाही. तिनं आमच्या फौजदारांकडं बघून विचारलं, "मग त्यो पळून गेलता न्हाय न्हवं?"

"नाही," फौजदार म्हणाले.

"तसं लिवून द्या मला. हितंच. आत्ताच."

त्यांनी तिथंच, दुसऱ्या राज्याच्या ठाण्यातल्या टेबलावर, कागद घेऊन लिहिलं. शिक्का नव्हता, तर पलीकडच्या साहेबांनी आपला शिक्का मारून दिला. तो कागद कायद्यानं काही कामाचा नव्हता, हे नंतर कळलं. तिनं तो घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला, आणि जीपमध्ये बसल्यावर मग तिचा आवाज फुटला. कागलपर्यंत ती रडत होती.

त्यानंतर दोन्ही ठाण्यांचं एकत्र काम सुरू झालं. महिन्यातून दोन-तीनदा दुपारची जीप शाळेच्या फाटकाशी यायची. कधी ते इकडं यायचे, कधी आम्ही तिकडं जायचो. पहिल्या बैठकीत दोघांनी आपापले नकाशे काढले. आमच्या फौजदारांच्या नकाशात रस्ता कोगनोळीपाशी येऊन संपत होता, पुढं नुसता पांढरा कागद. त्यांच्या नकाशात कोगनोळीच्या अलीकडं पांढरा. त्यांनी ते दोन कागद टेबलावर जोडून धरले आणि रस्ता पहिल्यांदा एकसंध दिसला.

मग त्या रस्त्यावर खुणा पडू लागल्या. आमच्याकडं आणखी दोन ड्रायव्हर फरार होते. त्यांच्याकडं कालव्यात आणि उसात मिळालेली आणखी दोन बेवारस प्रेतं होती. मी एकीकडून वय वाचायचे, दुसरीकडून वय वाचायचे. एकीकडून उंची, दुसरीकडून उंची. ज्यांना आम्ही शोधत होतो ते सगळे पलीकडं केव्हाच पुरले गेले होते.

एक ड्रायव्हर मात्र जिवंत सापडला होता. तो कानडी मुलखातला होता. त्याचा जबाब मी मराठीत करून दिला. वळणावर एका माणसानं हात केला, अंगात पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, काखेत पिशवी. जत्रेहून आलोय, असं अस्सल कानडीत म्हणाला आणि प्रसाद म्हणून पेढा दिला. त्यानंतर ड्रायव्हरला जाग आली ती उसाच्या सरीत. ट्रक गेलेला. आमच्या बाजूच्या एका ढाबेवाल्यानंही असाच माणूस पाहिला होता, पण तो म्हणाला, की ते पावणं अस्सल कोल्हापूरचं होतं. हाय-न्हाय बोलणारं. पलीकडच्यांना वाटत होतं तो त्यांच्यातला आणि इकडच्यांना वाटत होतं तो आपल्यातला.

"दोन्ही भाषा अशा सफाईनं बोलणारा माणूस," तरुण फौजदार कानडीत म्हणाले. "सीमेच्या पाच-दहा मैलांतलाच असणार."

ते मी मराठीत सांगितलं आणि सांगताना माझ्या लक्षात आलं, की हे वर्णन माझंही आहे. माझ्या सगळ्या गोताचं आहे.

तेव्हापासून मला माणसांच्या बोलण्यात तो ऐकू येऊ लागला. बसमध्ये मागच्या सीटवर कुणी एका दमात दोन्ही भाषा बोललं, की मी मान वळवून बघायचे.

आणि एक दिवस तो माझ्या शेजारी येऊन बसला.

सीबीएसवर, कोल्हापूरच्या मध्यवर्ती एसटी स्टँडवर, निपाणीकडच्या गाडीची वाट बघत मी बाकावर बसले होते. दुपारी दोन-अडीचची वेळ. शनिवारची शाळा सुटली होती आणि अव्वाला बरं नाही म्हणून मी माहेरी निघाले होते. फलाटावर गर्दी होती. शेजारी चाळिशीचा एक माणूस टेकला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला भस्म. आमच्याकडं अशी माणसं पायलीला पन्नास, त्यामुळं मी लक्ष दिलं नाही.

"अक्का, माहेराला निघालात?" त्यानं कानडीत विचारलं. आमच्या गावची कानडी. शब्दांच्या शेवटी आमच्याकडं जो हेल असतो, तो नेमका.

मला वाटलं, गावातलाच कुणी असेल. मी हो म्हटलं.

"अव्वाचे गुडघे कसे आहेत आता?"

"बरे आहेत."

"पोलिसांना कानडी शिकवताय म्हणे." तो हसून बोलत होता. "अवघड काम आहे, अक्का. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं. एखादा शब्द इकडचा तिकडं होतो आणि कुणाच्या तरी घरावर येतं."

मी त्याच्याकडं नीट बघितलं. चेहरा साधा होता. भेटून गेल्यावर आठवणार नाही असा. त्यानं पिशवीतून पुडी काढली, सोडली, आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

"प्रसाद आहे."

"उपास आहे माझा," मी म्हटलं.

"मग ठेवा. उद्या खा." तो उठला. गाडी लागत होती, माणसं दाराकडं धावत होती, आणि त्या गर्दीत तो सावकाश चालत गेला. पळाला नाही. मी ओरडायला हवं होतं. पोलीस चौकी तिथून हाकेच्या अंतरावर होती. पण पेढा मुठीत घट्ट धरून मी बसून राहिले, इतका घट्ट की तो बोटांमधून बाहेर आला.

तो रुमालात बांधून मी फौजदारांकडं दिला. त्यांनी तो तपासायला पाठवला आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं, की त्यात झोपेचं औषध होतं, मोठ्या माणसाला पुरून उरेल इतकं.

नवरा म्हणाला, "बास झालं आता. तू शिक्षिका आहेस. हे तुझं काम न्हवं." फौजदारही म्हणाले, की बाई, आम्ही दुसरं कुणी बघतो. पण दुसरं कुणी मिळत नव्हतं. आणि मला रोज गल्लीतून जाताना ड्रायव्हरच्या बायकोच्या मशीनचा आवाज ऐकू यायचा. बायका पुन्हा तिच्याकडं कपडे टाकू लागल्या होत्या. मी थांबले नाही. शाळेत जाताना आणि येताना मात्र नवरा सोबत असायचा.

तो माणूस पकडला गेला भर दुपारी, महामार्गालगतच्या एका टायरच्या दुकानात. जुने टायर विकायला तो येणार अशी बातमी पलीकडच्यांना लागली होती, पण दुकान आमच्या हद्दीत. एरवी अशी बातमी टपालानं आली असती आणि शिक्का खाऊन फाइलला लागली असती. ह्या वेळी तरुण फौजदारांनी सरळ आमच्या फौजदारांना फोन केला आणि मोडक्या मराठीत सांगितलं. मधल्या महिन्यांत ते एवढं शिकले होते. पलीकडची जीप सीमा ओलांडून आली, तिच्यापुढं आमची जीप होती.

मला शाळेतून बोलावून नेलं. तो लाकडी स्टुलावर बसला होता, शर्ट तसाच पांढरा. मला बघून त्यानं ओळखीचं हसू केलं. मराठी येत नाही, असं तो कानडीत सांगत होता. पलीकडचे साहेब बाहेरच्या खोलीत आपल्या वरिष्ठांशी फोनवर होते. खोलीत आमचे फौजदार, लिहून घेणारा रायटर, तो आणि मी.

प्रश्न सुरू झाले. नाव, गाव, धंदा. टायर कुठून आणले. तो शांतपणे उत्तरं देत होता, मी सांगत होते, रायटर लिहीत होता. टायर एका भंगारवाल्याकडून घेतले, त्याचं दुकान आता उठलं, मला ठाऊक नाही तो कुठं गेला. आणि त्याच सुरात, त्याच वाक्याला जोडून, आवाज जराही न बदलता तो म्हणाला, "अक्का, निम्मण्णग हेळ्री, वखारी खाली माडंत."

अक्का, तुमच्या भावाला सांगा, वखार रिकामी कर म्हणावं.

मग पुन्हा भंगारवाल्याचं सांगू लागला.

आमच्या माहेरी विहिरीपलीकडं तंबाखूची वखार आहे. वडील गेल्यावर भावानं, अण्णानं, तंबाखू कमी केला आणि वखार पडून असायची. दिवाळीला गेले तेव्हा तिला नवं कुलूप होतं. मी विचारलं तर अण्णा म्हणाला होता, "एका पावण्याला दिलीय भाड्यानं. सामान ठेवतोय."

"काय म्हणाला?" फौजदारांनी विचारलं.

मी पाणी मागितलं. रायटरनं पेन खाली ठेवून तांब्या पुढं केला. मी पेला भरून घेतला, प्यायले. त्या खोलीत हे वाक्य दोघांनाच कळलं होतं. मी नुसतं भंगारवाल्याचं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. अण्णानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, माझ्या लग्नात तो रात्रंदिवस राबला होता. हे सगळं त्या वेळी डोक्यात आलं की नंतर मी ते तिथं ठेवलं, आता सांगता येत नाही. एक मात्र आठवतं. पेला खाली ठेवला तेव्हा तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर खात्री होती. त्याला माहीत होतं, मी काय करणार. त्या खात्रीचा मला राग आला.

मी सगळं वाक्य मराठीत सांगितलं.

"पुन्हा सांगा," फौजदार म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"तुमचा भाऊ?"

"हो. सख्खा. थोरला."

रायटरचं पेन कागदावर टेकलेलं तसंच होतं. फौजदारांनी त्याला लिही म्हणून खूण केली. मग मला म्हणाले, "बाई, तुम्ही घरी जा. पुढचं पलीकडचे साहेब विचारतील."

मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला. स्वच्छ कोल्हापुरी मराठीत.

"अक्का, चांगलं न्हाय केलंसा."

घरी आले तेव्हा वीज गेलेली होती. नवरा यायचा होता. स्वयंपाकघरात कट्ट्याखाली मोठी बॅटरी ठेवलेली होती. लोडशेडिंगमध्ये तिच्यावर आम्ही एक ट्यूब लावायचो. ट्रकची बॅटरी होती ती. अण्णानं नागपंचमीला येताना आणून दिली होती, "मुलांच्या वह्या तपासताना डोळे फोडून घेऊ नको," असं म्हणून. कित्येक महिने मी तिच्या उजेडात पेपर तपासले होते. त्या संध्याकाळी मला ट्यूब लावायचा धीर झाला नाही. नवरा आल्यावर आम्ही ती पोत्यात घातली, स्कूटरच्या पुढच्या बाजूला ठेवली आणि ठाण्यात नेऊन दिली. नवरा वाटेत फक्त एवढंच म्हणाला, "नंबर घासलेला हाय. मी कवाच बघितलं न्हवतं."

वखारीत टायर सापडले, नंबरप्लेटा सापडल्या, ट्रकच्या केबिनमधल्या देवांच्या तसबिरी सापडल्या. दोन्हीकडचे पोलीस एकत्र उभे राहून पंचनामा करत होते. अण्णाला त्यांनी अव्वासमोरून नेलं.

चार दिवसांनी मी माहेरी गेले. अव्वा अंगणात बसली होती. मी तिला सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. तो माणूस ठाण्यात काय म्हणाला, मी काय केलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी प्यायला थांबलीस ना? मग थांबलीस तिथंच का नाही राहिलीस?"

त्यानंतर ती वारेपर्यंत माझ्याशी गरजेपुरतंच बोलली.

खटला पलीकडच्या कोर्टात चालला. मला साक्षीला बोलावलं. आरोपीच्या पिंजऱ्यात तो होता, त्याचे दोन साथीदार होते आणि टोकाला अण्णा. वकिलानं मला विचारलं, भावाशी जमिनीचा वाद होता का. नव्हता. भावाचा राग होता का. नव्हता. मग साक्ष का देताय. न्यायाधीशांनी तो प्रश्न काढून टाकायला लावला. त्या माणसाला जन्मठेप झाली. अण्णा सुटला. त्यानं वखार भाड्यानं दिली एवढंच सिद्ध झालं. आत काय चाललंय हे त्याला ठाऊक होतं, असं सरकारला दाखवता आलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं. मी घरी येऊन देवापुढं दिवा लावला.

ड्रायव्हरच्या बायकोला खरा, शिक्क्याचा कागद मिळाला. त्यावर नवऱ्याच्या नावापुढं मयत लिहिलं होतं. त्याला जिथं पुरलं होतं ती जागा बघायला मी तिच्यासोबत गेले. पलीकडचे हवालदार, तेच ज्यांनी खणाचं वर्णन लिहिलं होतं, बाभळींच्या मागं एका उंचवट्याकडं बोट दाखवत म्हणाले, "इथं. नाहीतर त्या पलीकडच्या उंचवट्यात." तिनं दोन्हीकडं नारळ फोडला.

बऱ्याच वर्षांनी, अव्वाच्या वर्षश्राद्धानंतर, अण्णा उचगावला आला. खटल्यानंतर पहिल्यांदाच. केस पिकलेले. खुर्चीच्या कडेवर टेकला. मी चहा दिला. नवरा कामावर होता. इकडतिकडचं बोलून झालं. मग तो कानडीत म्हणाला, "तुला काय वाटतं? मला ठाऊक होतं?"

"कोर्टानं सांगितलं ना, नव्हतं."

"कोर्टाला नाही विचारत."

मी बिस्किटांची बशी त्याच्यापुढं सरकवली.

"एकदा दुपारी मी विहिरीवर मोटर चालू करायला गेलो होतो," तो म्हणाला. "वखारीतून आवाज आला. आतून दार वाजत होतं. थांबून थांबून. मला वाटलं, पत्रा वाऱ्यानं वाजतोय."

त्यानं चहाचा कप बशीत ठेवला.

"वारं नव्हतं पण," तो म्हणाला. "मी मोटर चालू केली. मग काही ऐकू येईना."

तो संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी त्याला महामार्गापर्यंत सोडायला गेले. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हरची बायको दारात बसून काजं करत होती. तिनं आम्हा दोघांकडं बघून मान हलवली. "पावणं आल्यात व्हय?" असं विचारलं. मी म्हटलं, हो, भाऊ आहे माझा.